वीज सल्लागार की वीज दलाल?

यंत्रमागाच्या धंद्यात सुताचा भाव आपल्या हाती नसतो आणि कापडाचा भावही आपल्या हाती नसतो. सूत घेताना व्यापारी सांगेल तो दर आणि तागे विकताना बाजार सांगेल तो दर. मजुरीवर कापड विणून देणाऱ्या लहान कारखानदाराची अवस्था तर याहून बिकट. त्याला किती मजुरी मिळावी हे दुसराच कोणी ठरवितो. अशा परिस्थितीत खर्चाची जी एक बाजू थोडीबहुत मालकाच्या ताब्यात उरते ती म्हणजे वीज. माग चालवायचा म्हणजे वीज लागणारच. परंतु त्याच कापडाला किती वीज लागावी, हे पुष्कळ अंशी मोटर, वायरिंग, पट्टे, दिवे आणि मालकाचे लक्ष यांवर अवलंबून असते.

हे ओळखूनच की काय, भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या कारखान्यांतून हल्ली 'एनर्जी कन्सल्टंट' म्हणविणाऱ्यांची ये-जा वाढली आहे. कोणी सोलर बसवून देतो म्हणतो, कोणी कपॅसिटर, कोणी बिल कमी करून देण्याची हमी घेतो, कोणी सवलतीचे कागद करून देतो. सर्वांच्या कार्डावर शब्द एकच छापलेला असतो. बेकरीवाले, शीतगृहवाले, वेल्डिंग आणि फॅब्रिकेशनचे कारागीर यांच्याकडेही हीच मंडळी फिरत आहेत. आमचे व्यापारी बंधू आम्हास विचारतात, यांतला खरा कोण आणि कोणाचे ऐकावे?

आमचे मत आम्ही आधीच सांगून टाकतो. ज्याची फी आपण देतो तो आपला सल्लागार. ज्याची फी आपण देत नाही, त्याची फी दुसरा कोणी तरी देत असतो आणि तो त्या दुसऱ्याचा माणूस असतो. फुकट सल्ला देणारा गृहस्थ वाईटच असतो असे आम्ही म्हणत नाही. सोलर विकणारा सोलर चांगले विकत असेल, मोटर विकणारा मोटर चांगली देत असेल. त्यांचा तो हलाल धंदा आहे. परंतु त्यांनी विक्रेता म्हणून यावे, सल्लागार म्हणून नव्हे. सल्ला देणाऱ्याला हदीसमध्ये अमानतदार मानले आहे. एका हाताने आपल्याला सल्ला आणि दुसऱ्या हाताने कंपनीकडून कमिशन, आणि तेही आपल्याला न सांगता, ही अमानत नव्हे.

आमच्या समाजात एक विचित्र गोष्ट दिसते. जळालेली मोटर पाच वेळा रिवाइंड करून घेताना आपण पैशाचा विचार करीत नाही; पण मोटर वारंवार का जळते, हे मोजून सांगणाऱ्याला फी द्यायची म्हटली की हात आखडतो. सल्ल्याला कसले पैसे, असे आपल्याला वाटते. मग आपण तो सल्ला फुकट घेतो आणि त्याची किंमत मालाच्या भावात चुकती करतो. दुसरी खोड 'आपला माणूस' शोधण्याची. मेहुण्याच्या ओळखीचा आहे, मशिदीत भेटतो, बिरादरीतला आहे, एवढ्यावर लाखाचे काम सोपविले जाते. ओळख ही चांगली गोष्ट; पण पॉवर फॅक्टर ओळखीने सुधारत नाही. त्यातून आपला माणूस म्हटला की लिहून घ्यायची लाज वाटते. वस्तुतः सूरे बकरामध्ये उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे आणि ती आयत कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत आहे, हे आपण सर्वजण जाणतो. ती ताकीद परक्यांशी करावयाच्या व्यवहारापुरती नाही.

आता मुद्द्याकडे वळू. सल्लागार शोधण्यापूर्वी एक काम मालकाने स्वतः करावे. गेल्या बारा महिन्यांची बिले एकत्र काढावीत आणि घरातल्या शिकलेल्या मुलाला अथवा मुलीला हाताशी घेऊन ती वाचावीत. आपण बिलाच्या शेवटची रक्कम पाहतो आणि भरून मोकळे होतो. त्या रकमेच्या पोटात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क अशी वेगवेगळी खाती असतात. यांपैकी इंधन समायोजन आकारावर कोणाचाही सल्लागार काही करू शकत नाही. वीज आकार युनिटांवर आहे, तो वापर कमी केला तर कमी होईल. स्थिर आकाराचा संबंध मंजूर भाराशी अथवा मागणीशी असतो. तो कमी करायचा तर भार खरोखर किती लागतो हे मोजावे लागेल. 'बिल निम्मे करतो' असे जो म्हणतो त्याला एवढेच विचारावे की, यातले कोणते खाते निम्मे करणार? उत्तर देताना तो अडखळला तर चहा पाजून त्याला निरोप द्यावा.

बिलात आणखी एक गोष्ट पाहावी. युनिट केडब्ल्यूएचमध्ये मोजले आहेत की केव्हीएएचमध्ये? उच्चदाब ग्राहकांना महावितरणची बिले एप्रिल २०२० पासून केव्हीएएचमध्ये येतात. लघुदाबवाल्यांनी आपापल्या बिलावर पाहून घ्यावे. फरक काय, तर समजा महिन्याला १०,००० केडब्ल्यूएच वीज खरोखर कामी आली आणि पॉवर फॅक्टर ०.८० आहे, तर केव्हीएएच १२,५०० होतात. तोच पॉवर फॅक्टर ०.९८ असता, तर सुमारे १०,२०० झाले असते. म्हणजे माग तेवढेच चालले, कापड तेवढेच निघाले आणि सुमारे २,३०० युनिटांचे पैसे उगाच गेले. अशा कारखान्याला कपॅसिटर बसवा, हा सल्ला योग्यच आहे. परंतु तो किती क्षमतेचा, कोठे आणि आपोआप जोडला-तोडला जाणारा की कायमचा, हे मोजल्याशिवाय सांगता येत नाही. मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात. त्या दिवशी मोटरी बंद आणि कपॅसिटर मात्र जोडलेलाच राहिला, तर पॉवर फॅक्टर उलट बाजूला जातो आणि तेही केव्हीएएचमध्ये धरले जाते. शुक्रवारी तुमच्याकडे काय बंद असते आणि काय चालू राहते, हा प्रश्न ज्या सल्लागाराने विचारलाच नाही, त्याने कारखाना पाहिलाच नाही असे समजावे.

याउलट प्लगमध्ये खोचायचा 'पॉवर सेव्हर' डबा. दुकानातला आणि घरातला एक फेजचा साधा मीटर केडब्ल्यूएच मोजतो, पॉवर फॅक्टर मोजून बिल देत नाही. तेथे असल्या डब्याने बिलात फरक पडत नाही. पेटणारा हिरवा दिवा थोडी वीज खातो, एवढाच काय तो हिशोब. तरीही हे डबे विकणारे आपल्या बाजारांत दिसतात आणि स्वतःला सल्लागार म्हणवितात.

यंत्रमागवाल्यांसाठी एक आकडा महत्त्वाचा, तो म्हणजे २७ हॉर्सपॉवर. एक हॉर्सपॉवर म्हणजे ०.७४६ किलोवॅट. त्या हिशोबाने २७ हॉर्सपॉवर म्हणजे जवळजवळ बरोबर २० किलोवॅट होतात. यंत्रमागाच्या वीजदरात २० किलोवॅटच्या खालचे आणि वरचे असे दोन गट आहेत. राज्य शासनाने मार्च २०२४ मध्ये जी अतिरिक्त वीज सवलत मंजूर केली, तीही २७ हॉर्सपॉवरपर्यंत युनिटमागे एक रुपया आणि त्यावर, २०१ हॉर्सपॉवरपर्यंत, ७५ पैसे अशी. एक हॉर्सपॉवरची मोटर असलेले चोवीस माग आणि एक-दोन कांडी मशीन असा कारखाना घेतला तर तो नेमका या रेषेला टेकून उभा असतो. येथे कोणी सांगितले की आणखी चार माग टाका, किंवा भार वाढवून घ्या, तर फायद्याचा हिशोब नुसत्या कापडाच्या मीटरवर होणार नाही. दर बदलेल, सवलत बदलेल, मीटर बदलेल. आणि उलट बाजूने, ज्याचा मंजूर भार कागदोपत्री ३० हॉर्सपॉवर आहे परंतु निम्मे माग भंगारात गेले आहेत, त्याला भार कमी करून घे असे सांगणारा सल्लागार एका अर्जात आपली फी वसूल करून देईल. डिसेंबर २०२१ मध्ये ऑनलाइन नोंदणी न केलेल्या २७ हॉर्सपॉवरवरील यंत्रमागांची सवलत रोखण्याचे ठरले तेव्हा केवढी धांदल उडाली होती, हे बुनकर बंधू विसरले नसतील. कागद वेळेवर असणे हीसुद्धा विजेची बचतच होय.

सल्लागाराचे ज्ञान ताजे आहे की शिळे, हे ओळखण्याची एक सोपी परीक्षा आहे. ज्यांच्या बिलाला वेळेनुसार दर, म्हणजे टीओडी लागू आहे, त्यांना पूर्वी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत सूट मिळत असे. म्हणून 'रात्रपाळी जास्त चालवा' हा सल्ला वर्षानुवर्षे दिला गेला आणि तो त्या वेळी बरोबर होता. २०२५ च्या दर आदेशांनी हे चित्र पालटले. सौर वीज भरपूर असते त्या सकाळी नऊ ते सायंकाळी पाच या वेळेत आता सूट ठेवण्यात आली आणि सायंकाळची वीज महाग झाली. त्या वर्षी तर मार्चअखेर आदेश निघाला, एप्रिलच्या आरंभी त्याला स्थगिती मिळाली आणि फेरआढाव्यानंतर जुलैपासून नवे दर लावण्यात आले. तेव्हा आपल्याकडे आलेल्या गृहस्थाला सहज विचारावे की, आमच्या गटाला आज कोणत्या तासाला काय दर आहे? जो अजूनही रात्रीच्या सवलतीची पट्टी वाजवितो, त्याने आदेश वाचलेला नाही.

मग खरा जाणकार कोठे शोधावा? ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. त्याखाली मार्च २००२ मध्ये केंद्र सरकारचा ऊर्जा दक्षता ब्युरो स्थापन झाला. हा ब्युरो परीक्षा घेऊन एनर्जी मॅनेजर आणि एनर्जी ऑडिटर यांना प्रमाणपत्र देतो. आपल्या राज्यात या कामासाठी महाऊर्जा ही संस्था आहे. तिचे मुख्य कार्यालय पुण्यात आहे आणि ऊर्जा लेखापरीक्षण करणाऱ्या संस्थांची नामिका ती ठेवते. सल्लागाराचे प्रमाणपत्र मागण्यात संकोच करू नये. आपण मुलीसाठी स्थळ पाहताना दहा घरी चौकशी करतो, तर येथे एक नंबर पडताळून पाहण्यात कमीपणा कसला? वायरमन आणि विद्युत ठेकेदार ही मंडळी निराळी. ठेकेदाराला राज्य शासनाचा परवाना लागतो आणि जोडणीचे काम त्यानेच करावयाचे असते. त्यातले कित्येक अनुभवाने फार हुशार असतात. परंतु जोडणारा आणि तपासणारा एकच असू नये, असे आम्हास वाटते.

प्रमाणपत्र म्हणजे सर्व काही नव्हे, हेही खरे. आमच्या दृष्टीने प्रमाणपत्राहून मोठी कसोटी ही की, तो माणूस मोजतो की नुसता बोलतो. चांगला ऑडिटर मोजणीचे यंत्र घेऊन येतो, माग चालू असताना एकेका मोटरचा प्रवाह आणि वॉट लिहून घेतो, पट्टे ढिले आहेत का पाहतो, जोडांना हात न लावता ते किती तापले आहेत ते तपासतो, आणि रात्रपाळीलाही एकदा येऊन जातो. त्याच्या अहवालात आकडे तुमच्या कारखान्याचे असतात. वाईट ऑडिटरचा अहवाल जाडजूड असतो, रंगीत असतो, आणि त्यातली निम्मी पाने दुसऱ्याच गिरणीच्या अहवालातून उचललेली असतात. समजा मोजणीत असे निघाले की, चार वेळा रिवाइंड झालेल्या जुन्या मोटरी सरासरी ०.७७ किलोवॅट ओढतात आणि तेच काम नवी चांगली मोटर ०.६३ मध्ये करील. चोवीस माग, दिवसाला वीस तास, महिन्याला सव्वीस दिवस धरले तर महिन्याला सुमारे १,७५० युनिट वाचतात. दिव्यांचा हिशोब याहून सोपा. जुनी चाळीस वॉटची ट्यूब तिच्या चोकसह पन्नासहून अधिक वॉट घेते, एलईडी ट्यूब वीस घेते. वीस ट्यूब असतील तर वरच्याच तासांना महिन्याला ३३० युनिटांच्या आसपास बचत होते. त्यासाठी सल्लागाराची गरजच नाही, शिडी आणि वायरमन पुरे. मोटरीच्या बाबतीत मात्र चोवीसच्या चोवीस बदलाव्यात की जळेल तसतशी एकेक बदलत जावी, हे मोजणी पाहूनच ठरविता येते. येथेच मोटर विकणाऱ्याचा सल्ला आणि फी घेणाऱ्याचा सल्ला यांत फरक पडतो.

फी कशी ठरवावी यावर थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण बहुतेक तंटे तेथेच उद्भवतात. ठरलेली एकरकमी फी ही सर्वांत सरळ. अर्धी मोजणी सुरू होताना, उरलेली अहवाल समजावून दिल्यावर. दुसरी पद्धत बचतीतल्या वाट्याची. 'तुमचा एक पैसा नको, जेवढी बचत होईल त्यातले इतके टक्के द्या.' ऐकायला हे फार गोड वाटते आणि भांडवल नसलेल्या कारागिराला ते सोयीचेही असू शकते. परंतु बचत म्हणजे काय, हे आधी ठरले नाही तर हा करार म्हणजे भांडणाची बीजे होत. मंदीत बारा माग बंद पडले आणि बिल निम्म्यावर आले, तर त्यात सल्लागाराचे कर्तृत्व ते काय? तरीही कागदावर 'बिलातील घट' असे शब्द असतील तर आपल्याच नुकसानीतला वाटा त्याला द्यावा लागेल. उलट, दर वाढले आणि त्याने प्रामाणिकपणे वीज वाचवूनही बिल तेवढेच राहिले, तर त्याच्यावर अन्याय. म्हणून बचत रुपयांत मोजू नये, बिलातही मोजू नये. शंभर मीटर कापडाला किती युनिट लागले, यावर मोजावी. गेल्या बारा महिन्यांचा तो आकडा काढून दोघांच्या सह्यांनी करारात लिहावा. कापडाची जात बदलली तर काय, वाटा किती महिने द्यायचा, मीटर बिघडला तर कोणता आकडा धरायचा, हेही त्यातच यावे. काम अनिश्चित, मोबदला अनिश्चित, मुदत अनिश्चित अशा कराराबद्दल शरीअतमध्ये काय म्हटले आहे ते आपल्या शहरातल्या मुफ्ती साहेबांना विचारावे. करार त्यांच्यासमोर ठेवता येईल इतका स्पष्ट तरी तो असला पाहिजे.

सल्लागाराकडून एक ओळ अवश्य लिहून घ्यावी, ती अशी की, मी सुचविलेल्या मालावर कोणत्याही कंपनीकडून अथवा दुकानदाराकडून कमिशन घेणार नाही आणि घेतल्यास ते मालकाला कळवीन. जो सच्चा असेल तो हसत सही करील.

आता एका कडू विषयाकडे वळावे लागते. सल्लागाराच्या वेषात असाही मनुष्य येतो की जो मीटर 'हलका' करून देण्याची गोष्ट करतो. हा सल्ला नव्हे, चोरीचे आमंत्रण आहे. मापात खोट करणाऱ्यांविषयी कुरआनात एक संपूर्ण सूरह त्याच नावाने आहे. ग्राहकाला दोन इंच कापड कमी देणे जर हराम, तर मीटरला दोन युनिट कमी दाखविणे हलाल कसे झाले? वीज कंपनी अन्याय करते म्हणून, असे समर्थन आम्ही ऐकले आहे. अन्यायाविरुद्ध दाद मागण्याच्या जागा आहेत, चोरी ही दाद नव्हे. दुनियेचा कायदाही स्पष्ट आहे. वीज कायदा २००३ च्या कलम १३५ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि दंड केल्यास तो पहिल्या वेळी चोरीतून झालेल्या फायद्याच्या तिपटीहून कमी नसतो. मीटरमध्ये कृत्रिम साधन सापडले तर ते ग्राहकानेच वापरले असे गृहीत धरले जाते. ते साधन बसवून देणारा त्या दिवशी फोन उचलत नाही. मालक तुरुंगाच्या दारात, कारखाना अंधारात आणि मजूर रस्त्यावर असतो. रिज्कमधली बरकत कशाने जाते हे आपल्या वडीलधाऱ्यांनी आपल्याला शिकविलेले आहे.

बिल खरोखर चुकीचे आले असेल तर काय करावे? भिवंडीत २००७ पासून आणि मालेगावात २०२० पासून वितरणाचे काम फ्रँचायझी कंपन्यांकडे आहे. तेव्हा पहिली लेखी तक्रार तेथील कार्यालयात करून पोच घ्यावी. तेथे दाद न मिळाल्यास ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, त्याच्यावर विद्युत लोकपाल आहेत. मंचापुढे वकील लागत नाही, ग्राहक स्वतः बोलू शकतो अथवा आपला प्रतिनिधी पाठवू शकतो. मात्र तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे, म्हणून कागद जपून ठेवावेत. बिलाच्या तंट्यात टक्केवारीवर काम करणारे काही प्रतिनिधी चांगले काम करतात. पण परताव्यातला मोठा हिस्सा कोणी मागत असेल, तर एक अर्ज लिहिण्याची ती किंमत आहे काय, याचा विचार करावा.

सोलरविषयी आज घरोघरी चर्चा आहे, म्हणून त्याबद्दलही सांगणे भाग आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेची ७८,००० रुपयांपर्यंतची सबसिडी घरगुती ग्राहकांसाठी आहे. कारखान्याला ती मिळवून देतो असे सांगणारा खोटे बोलतो. एक किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट सावली नसलेले छप्पर लागते आणि त्यातून दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते. आता दोन प्रश्न. छप्पर कोणाचे? आपले कित्येक कारखाने भाड्याच्या जागेत आहेत, करार अकरा महिन्यांचे, पत्रे तीस वर्षांचे. पॅनेल पंचवीस वर्षे चालतात. मालकाने उद्या जागा सोडायला सांगितली तर पॅनेल डोक्यावर घेऊन कोठे जाणार? दुसरा प्रश्न दराचा. विक्रेता जो 'चार वर्षांत पैसे वसूल'चा तक्ता दाखवितो, तो बहुधा दुकानाच्या अथवा साध्या उद्योगाच्या दराने केलेला असतो. यंत्रमागाला वीज सवलतीच्या दराने मिळते, म्हणून सोलरचे एक युनिट यंत्रमागवाल्याचे तेवढे पैसे वाचवीत नाही. तक्ता आपल्या स्वतःच्या बिलावरील दराने पुन्हा मांडून मागावा. चार वर्षांची सात वर्षे झाली तरी व्यवहार वाईट ठरत नाही. परंतु खरे काय ते माहीत असावे.

भांडवलाचा प्रश्न आला की व्याजाचा प्रश्न येतोच. जुलै २०२५ मध्ये ऊर्जा दक्षता ब्युरोची लहान उद्योगांसाठी एक योजना पानिपत येथून सुरू झाली. तिच्यात वीज वाचविणाऱ्या यंत्रसामग्रीच्या कर्जावर व्याजात सवलत मिळते आणि कापड उद्योगही तिच्यात आहे. सल्लागार ही योजना सांगेल आणि त्याने ती सांगितलीच पाहिजे. पण व्याजात सवलत म्हणजे बिनव्याजी नव्हे, हे आपण ध्यानात ठेवावे. ज्यांना व्याज टाळायचे आहे त्यांनी सल्लागाराला पहिल्याच दिवशी तसे सांगावे, म्हणजे तो कामे टप्प्याटप्प्याने लावून देईल. आधी दिवे आणि ढिले पट्टे, त्यातून वाचलेल्या पैशातून कपॅसिटर, मग मोटरी. गुंतवणूकदाराने स्वतःच्या खर्चाने पॅनेल बसवायचे आणि आपण युनिटमागे ठरलेला दर द्यायचा, असाही एक मार्ग आहे. त्यात कर्ज नाही. पण करार पंधरा-वीस वर्षांचा असतो आणि मध्येच सोडल्यास दंडाची कलमे बारीक अक्षरांत असतात. ती वाचून दाखविण्यासाठीच तर सल्लागार हवा.

मुंबईतील बेकरीवाल्यांची अडचण आणखी निराळी आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड व कोळशावर चालणाऱ्या भट्ट्या सहा महिन्यांत गॅस अथवा अन्य स्वच्छ इंधनावर नेण्याचा आदेश दिला. पिढ्यान्‌पिढ्या लाकडाच्या भट्टीवर पाव भाजणाऱ्यांपुढे एकाएकी पाइपचा गॅस, सिलिंडर की विजेची भट्टी, असा प्रश्न उभा राहिला. विजेची भट्टी विकणारा वीजच स्वस्त म्हणणार आणि गॅसची विकणारा गॅस. गल्लीत पाइपलाइन आली आहे का, विजेच्या भट्टीसाठी मंजूर भार किती वाढवावा लागेल, त्याने स्थिर आकार किती वाढेल, जुनी भट्टी पाडल्यावर जागा किती मोकळी होते, आणि शेवटी मैद्याच्या एका पोत्यामागे इंधनाला काय खर्च येतो, हे एका कागदावर तिन्ही इंधनांसाठी मांडून देणारा तटस्थ माणूस येथे खरोखर उपयोगी आहे. तो कागद हातात आल्याशिवाय भट्टीचा बयाणा देऊ नये.

एकट्या लहान कारखानदाराला ऑडिटरची फी जड वाटेल, हे आम्हास मान्य आहे. त्यावर उपाय असा की, एकाच गल्लीतल्या दहा-बारा कारखान्यांनी मिळून एक ऑडिटर बोलवावा. माग सारखे, मोटरी सारख्या, रोगही बहुधा सारखेच. फी हॉर्सपॉवरच्या प्रमाणात वाटून घ्यावी. सर्व बाराही कारखाने त्याने तपशीलवार मोजण्याची गरज नाही. तीन नीट मोजावेत, बाकीच्यांची बिले तपासावीत, आणि अहवाल मराठीत अथवा उर्दूत सर्वांना समजावून द्यावा. यंत्रमाग संघटनांनी आणि बेकरी असोसिएशनांनी हे काम अंगावर घेतले तर उत्तम. महाऊर्जाकडून नामिकेतील संस्थांची यादी मागवून, त्यांतील दोघा-तिघांकडून लेखी दर घेऊन, कमिशन न घेण्याच्या ओळीवर ज्यांची सही मिळेल त्यांचीच नावे सभासदांपुढे ठेवावीत. सहा महिन्यांनी ज्या कारखान्यांनी काम करून घेतले त्यांचे शंभर मीटरमागचे युनिट आधी किती होते व आता किती आहेत, हे संघटनेच्या कार्यालयात फलकावर लावावे.